गावाच्या नावापुढचं ‘रेल्वे’

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात जऊळका आहे. पण नुसतं ‘जऊळका’ म्हणून बोलणारा थांबत नाही. तो पुढे ‘रेल्वे’ जोडतो. ‘जऊळका रेल्वे’. माणसाला आडनाव असतं तसं या गावाला आहे, आणि ते आडनाव म्हणजे चक्क रूळ!

गंमत अशी, की हे रूळ इथं टाकले गेले ते स्वातंत्र्यानंतर. म्हणजे ज्या काळात माणसं आडनाव बदलायला राजपत्रात जाहिरात देत होती, त्या काळात या गावाला नवं आडनाव चिकटलं आणि कायमचं झालं. हे लक्षात आल्यापासून एक प्रश्न मला सोडत नाही: आपली गावं वसली कशी? पहिलं घर कोणत्या मातीवर उभं राहिलं, पहिला देव कोणता बसला, पहिला बाजार, पहिलं मोजमाप, पहिली गाडी? वऱ्हाडातल्या गावाला जन्मदाखला नसतो असं आपण समजतो. तो असतो. मातीत असतो, पोळ्याच्या मानपानात असतो, आणि पुष्कळदा नावापुढच्या त्या एका शब्दात असतो. चला, जऊळक्याच्या भोवतीनं एक चक्कर मारू.

आडनावांची गावं

तालुक्याच्या ठिकाणापासूनच सुरू करू. नाशिक जिल्ह्यातलं मालेगाव वेगळं, हे ‘मालेगाव जहांगीर’. नाव वाचून मुघल बादशहा डोळ्यांपुढे येतो, पण त्याचा इथं संबंध नाही. हा शब्द ‘जहागीर’चा. कुणाला तरी हे गाव उत्पन्नासाठी तोडून दिलं होतं, एवढी सनद त्या एका शब्दात शिल्लक राहिली. वाशीम तालुक्यातलं वारा जहांगीर आणि रिसोड तालुक्यातलं भर जहांगीर ही त्याच घरातली भावंडं.

मंगरूळपीरमधला ‘पीर’ तिथल्या दादा हयात कलंदर यांच्या दर्ग्याचा. शिरपूर जैनमधला ‘जैन’ अंतरिक्ष पार्श्वनाथाचा. ही मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे अशी भाविकांची श्रद्धा, म्हणूनच ती ‘अंतरिक्ष’. कारंजा लाडमधला ‘लाड’ तिथं नांदलेल्या लाड व्यापाऱ्यांचा. शेलू बाजार आणि उंबर्डा बाजार यांना तर काही विचारायलाच नको, धंदा नावातच सांगून टाकला आहे.

मला सर्वांत आवडते ती मालेगाव तालुक्यातली जोडी: पांगरी कुटे आणि पांगरी नवघरे. एकाच तालुक्यात दोन पांगऱ्या झाल्या, चिठ्ठी कुठली कुठं जायला लागली असणार. मग घराण्याचं आडनाव गावालाच लावून मोकळे. तशाच दोन पार्ड्या: पार्डी टकमोर आणि पार्डी आसरा. आसरा म्हणजे पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी, डोहाच्या देवता. ज्या गावाच्या नावात त्या आल्या, तिथं वस्ती करणाऱ्यांनी आधी पाणी पाहिलं आणि मग देवीला मानलं, असं म्हणायला हरकत नाही.

आणि महाराष्ट्रभर पसरलेले ते ‘बु.’ आणि ‘खु.’? ‘बुद्रुक’ हा फारसी ‘बुजुर्ग’चा मराठी अवतार, म्हणजे थोरलं. ‘खुर्द’ म्हणजे धाकटं. थोरल्या गावातली काही घरं पाण्यासाठी, वावरासाठी किंवा भाऊबंदकीपायी ओढ्यापलीकडे सरकली की एक खुर्द जन्माला यायचं. आपण मात्र शाळेच्या दाखल्यावर ‘बु.’ लिहितो आणि त्या टिंबामागे एक अख्खं स्थलांतर आहे हे विसरतो.

पांढरी आधी, घर नंतर

गाव वसवायचं तर पहिला निर्णय मातीचा. काळी कसायची, पांढरीवर वसायचं. यात नुसती रूढी नाही, पक्कं बांधकामशास्त्र आहे. वऱ्हाडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात पाय अडकेल एवढ्या भेगा टाकते. तिच्यावर भिंत घातली तर दोन पावसाळ्यांत तिला तडे. म्हणून घरं उंचवट्यावर, चुनखडीच्या पांढऱ्या मातीवर. पुढे पिढ्यानपिढ्यांची राख, शेण, पडक्या भिंतींची माती तिच्यातच मिसळत गेली आणि पांढरी आणखी पांढरी, आणखी उंच होत गेली. ‘पांढरी’ हा शब्द मग मातीपुरता न राहता खुद्द गावठाणाचा झाला. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या पुस्तकात काळी आणि पांढरी हीच गावाची दोन अंगं आहेत.

पुरातत्त्वाचे अभ्यासक आजही खेड्यात आले की ‘पांढरीची टेकडी कुठं आहे?’ असं विचारतात. कारण काळ्या रानात मध्येच पांढरट उंचवटा दिसला तर खाली जुनं गाव असण्याची दाट शक्यता. विदर्भात पूर्णा खोऱ्यातच, बुलढाणा जिल्ह्यातल्या भोनला डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी उत्खनन केलं तेव्हा प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष हाती आले. आपल्या पायाखालच्या पांढरीत किती गावं एकावर एक झोपली आहेत, कोण सांगणार!

याच मातीचं आणखी एक लेकरू म्हणजे गढी. जाड भिंती, बुरूज, आत पाटलाचा किंवा देशमुखाचा वाडा. पेंढाऱ्यांची धाड आली की सगळं गाव आत. वऱ्हाडात किती तरी गावांत गढी ढासळून तिचा मातीचा ढीग झाला आहे आणि लोक तिची पांढरी माती घर सारवायला, धाब्यावर टाकायला नेत आले आहेत. एका गढीतून शंभर घरं लिंपली गेली. गढी संपली म्हणायची की गावभर पसरली?

जिथं दिवा नाही ते ‘बेचिराग’

जुन्या महसुली दप्तरात ओसाड गावाला एक शब्द आहे: ‘बेचिराग’. चिराग नाही ते. एकाही घरात दिवा लागत नाही ते. किती घरं, किती माणसं, किती गुरं हे नंतर. गाव आहे की नाही याची कसोटी संध्याकाळचा दिवा! विदर्भात अशा उठून गेलेल्या गावाला ‘रीठ’ किंवा ‘रिठी’ म्हणतात. नकाशावर नाव आहे, शिव आहे, वावरं आहेत, मारुतीही आहे. माणूस मात्र एकही नाही. जनगणनेच्या यादीतही अशी गावं आपापल्या नावानं उभी असतात, समोर लोकसंख्या शून्य.

रीठ का पडायची? दुष्काळ, साथ, लूट, सारा. वऱ्हाडचे आकडे बघा. १८६७ साली इथं पहिली खानेसुमारी झाली तेव्हा माणसं सुमारे २२ लाख होती. १८८१ साली ती २६ लाख ७२ हजारांच्या वर गेली, १८९१ ला २९ लाखांच्या जवळ. आणि १९०१ ला? साडेसत्तावीस लाख. मधल्या दहा वर्षांत दोन मोठे दुष्काळ पडले होते, १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा, म्हणजे संवत १९५६ चा, ‘छप्पनचा’. वाढत्या प्रांतातली माणसं दशकभरात कमी व्हावीत, एवढा तो मार होता. या आकड्यांच्या पोटात किती दिवे विझले असतील.

या, वसा, सारा मागाहून द्या

पडीक जमीन सरकारला परवडत नाही. ती कोणत्याही काळातल्या सरकारला परवडली नाही. म्हणून नव्या वसाहतकारांना बोलवायची एक जुनी, शहाणी पद्धत होती: ‘इस्तावा’. पहिल्या वर्षी सारा नाममात्र. दुसऱ्या वर्षी थोडा जास्त. मग आणखी. जमीन मोडून, तण काढून, विहीर खणून कुणबी उभा राहिला की काही वर्षांनी पूर्ण आकारणी. याचा लेखी भरवसा म्हणजे ‘कौल’. आजच्या उद्योगांना सुरुवातीची करमाफी देतात ना, तीच गोष्ट, फक्त नांगरासाठी.

याहून मागचा दाखला हवा असेल तर खुद्द वाशीमचाच आहे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. इथं १९३९ साली एक ताम्रपट सापडला, दुसऱ्या विंध्यशक्ती राजाचा, इसवी सनाच्या चौथ्या शतकातला. राजानं आपल्या कारकिर्दीच्या ३७ व्या वर्षी एक गाव ब्राह्मणांना दान दिल्याची ही नोंद आहे, काही संस्कृतात आणि काही प्राकृतात. गाव कुठलं? नांदीकडच्या उत्तर मार्गावरचं. नांदीकड म्हणजे आजचं नांदेड. वाकाटकांच्या दानपत्रांत अशा गावांना मिळणाऱ्या सवलती वाचताना मौज वाटते: राजाच्या शिपायांनी गावात शिरू नये, फुलं-दूध मागू नये, कातडी-कोळसा मागू नये. ज्या सवलती लेखी द्याव्या लागतात, त्यांच्यामागे बिनलेखी छळ असतो. सोळाशे वर्षांपूर्वीच्या गावकऱ्यांनाही पाहुणचाराला आलेल्या शिपायांचा ताप होताच.

मारुती, पाटील आणि पोळ्याचा पहिला बैल

नवं गाव म्हटलं की आधी मारुती. मोठं देऊळ, कळस, सभामंडप हे सगळं पुढच्या सुबत्तेवर. शेंदूर फासलेला मारुती मात्र पहिल्याच वर्षी वेशीपाशी बसतो. त्याच्याच पारावर पंचायत, त्याच्याच पारावर कीर्तन. गाव कितीही बदललं तरी हा पार सहसा हलत नाही. जुनी वेस कुठं होती हे शोधायचं असेल तर मारुती बघावा.

ज्यानं वस्ती आणली त्याच्या घराण्याकडे पाटीलकी आली आणि पाटीलकीबरोबर मान आला. हा मान कागदापेक्षा सणात चांगला टिकतो. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली सगळ्यांच्या बैलजोड्या उभ्या राहतात, झडत्या म्हटल्या जातात, आणि मग मानाची जोडी आधी पुढे जाते. कुणाची जोडी पहिली, कुणाची दुसरी, कुठल्या घरचा नारळ, यावरून अनेक गावांत वाद झाले आहेत. बाहेरच्याला ते पोरकट वाटतील. पण हा क्रम म्हणजे गावाच्या वसाहतीचा इतिहास आहे, दर श्रावणी किंवा भाद्रपदी अमावास्येला बैलांच्या रांगेत उभा केलेला. कोण आधी आलं, कोण मागून आलं, ते तिथं स्पष्ट दिसतं. आणि कोणाला रांगेतच जागा नव्हती, कोणाचं घर वेशीबाहेर होतं, तेही दिसतं. ते बघायचं टाळू नये. गाव वसवणाऱ्यांत मेलेली गुरं ओढणारे, सांगावा नेणारे, शिव दाखवणारे, रात्री जागणारे महार होते. शिवेचा तंटा झाला की त्यांचीच साक्ष महत्त्वाची धरली जायची. गावाची हद्द ज्यांना पाठ, त्यांनाच गावकुसात जागा नाही. वसाहतीच्या इतिहासातलं हे पान अर्धवट वाचून पुढे जाता येणार नाही.

तेहतीस फुटांची साखळी

गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एकर. हा ३३ कुठून आला? मोजणीदाराच्या साखळीतून! साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. रुपयाचे आणे करायचे तसे जमिनीचे केले. इंग्रजी अंमलात १८६० नंतर वऱ्हाडात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमीनमोजणी सुरू झाली आणि वावरांना नंबर पडले. तोवर ‘आंब्याचं’, ‘नाल्याकडचं’, ‘खालचं’ अशा नावांनी ओळखली जाणारी शेतं आकड्यांची झाली. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला बांध म्हणतात त्याला आपल्याकडे धुरा. कोर्टाची पायरी चढायला लावणाऱ्या गोष्टींत धुऱ्याचा नंबर वरचा, हे वऱ्हाडी माणसाला वेगळं सांगायला नको.

अमेरिकेत लढाई, वऱ्हाडात बाजार

आगगाडी येण्याआधी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून थेट गंगाकाठच्या मिर्झापूरला जायचा. सुमारे पाचशे मैल! वाटेत पाऊस लागला, धूळ बसली, बैल पडले, तर शेतकऱ्याचं आणि व्यापाऱ्याचं नशीब. मग १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस इंग्लंडला पोचेना, आणि लँकशायरच्या गिरण्या आपल्या काळ्या मातीकडे बघू लागल्या. १८६७ साली भुसावळहून अकोला, बडनेरामार्गे नागपूरपर्यंत लोहमार्ग पोचला. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडी कापसाचं नावच पडलं ‘ऊमरा’, अमरावतीच्या इंग्रजी उच्चारातून आलेलं.

आता आपल्या जिल्ह्याला ताठ मानेनं सांगता येईल अशी गोष्ट. भारतातला पहिला नियंत्रित बाजार कुठं सुरू झाला? मुंबईत? कलकत्त्यात? कारंज्यात! १८८६ साली, हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमानं. त्यानंतर १८९७ साली वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला आणि पुढे देशभर बाजार समित्यांचे जे कायदे आले त्यांची वाट इथून निघाली. कृषी अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत कारंजा हे नाव छापलेलं असतं. कारंज्याच्या किती पोरांना ते ठाऊक आहे?

कारंज्याला गाडीही लवकर मिळाली. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अरुंद मापाची शकुंतला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कापसासाठीच धावू लागली. मँचेस्टरला १९२१ साली घडवलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ च्या एप्रिलपर्यंत ती ओढत होतं.

चालणारा शब्द जागेवर बसला

‘तांडा’ म्हणजे चालणारा काफिला. बैलांच्या पाठीवर गोण्या, गोण्यांत मीठ आणि धान्य, पुढे नाईक, मागे सगळी माणसं, लेकरं, कुत्री. या वाहतुकीला बंजाऱ्यांच्या गोरबोलीत लदेणी म्हणतात. १८०३ साली आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन, वऱ्हाडात अडगावची आणि गाविलगडची लढाई लढला. त्याच्या फौजेच्या धान्याची मदार बंजाऱ्यांच्या बैलांवर होती. लष्कर थांबलं तरी चालेल, तांडा थांबता कामा नये!

मग आगगाडी आली. जे मीठ तांडा महिनाभर वाहायचा ते वाघिणीतून रात्रीत जाऊ लागलं. लदेणी संपत आली. बैल होते, माणसं होती, वाटा पाठ होत्या. काम मात्र गेलं. तेव्हा नाईकानं जागा निवडायची आणि तांड्यानं तिथं बूड टेकायचं, असं होत होत वाशीम-यवतमाळच्या माळरानांवर शेकडो तांडे कायमचे वसले. नीट बघितलं तर या मुलखातले खरे नवे वसाहतकार हेच. काळी मिळाली नाही, बरड मिळालं, जंगलाच्या कडेची हलकी जमीन मिळाली. तिथं त्यांनी ज्वारी काढली. ‘तांडा’ हा शब्दही त्यांच्याबरोबर बसला. चालणाऱ्यांचं नाव असलेला शब्द आज मुक्कामाचा पत्ता आहे.

मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला संत सेवालाल महाराजांची समाधी आहे आणि रामनवमीला देशभरचे बंजारा तिथं येतात. पुसद तालुक्यातल्या गहुलीत १ जुलै १९१३ रोजी जन्मलेले याच समाजातले वसंतराव नाईक पुढे अकरा वर्षांहून अधिक काळ राज्याचे मुख्यमंत्री राहिले. त्यांचा जन्मदिवस राज्यात कृषी दिन म्हणून पाळतात. आणि वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला ती तारीख कोणती? १ जुलै, साल १९९८. जिल्ह्याचा वाढदिवस आणि कृषी दिन एकच! शेतीवर उभ्या असलेल्या जिल्ह्याला याहून शोभणारी तारीख मिळाली नसती.

गाव हललं नाही, राज्यं बदलली

जऊळक्याच्या परिसरातलं एखादं घर दोनशे वर्षं एकाच पांढरीवर उभं आहे असं समजा. त्या घरानं किती सरकारं पाहिली असतील? आधी निजाम आणि नागपूरकर भोसले यांची दोअमली. १८०३ च्या देवगावच्या तहानंतर एकट्या निजामाची सत्ता. १८५३ ला वऱ्हाड कंपनीकडे गेलं, तेही का, तर निजामाच्या नावानं उभ्या केलेल्या हैदराबाद कंटिंजंट फौजेचा पगार थकला म्हणून. त्या फौजेची एक छावणी इथून जवळच, हिंगोलीला! मग ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’. १९०२ ला वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमचा पट्टा, १९०३ पासून मध्य प्रांताला जोड. स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेश, १ नोव्हेंबर १९५६ ला द्वैभाषिक मुंबई राज्य, १ मे १९६० ला महाराष्ट्र. जिल्हा आधी वाशीम, १९०५ ला अकोला, १९९८ ला पुन्हा वाशीम. चूल तीच, वावर तेच, आणि सरकारी कागदाचं डोकं दर पिढीला नवं.

अर्धशतक थांबलेली गाडी

आता पुन्हा त्या आडनावाकडे.

निजामाच्या राज्यात पूर्णा ते हिंगोली हा मीटर गेजचा फाटा १९१२ साली सुरू झाला. हिंगोलीला येऊन रूळ संपले. हिंगोलीहून वाशीम पन्नासेक किलोमीटर, म्हणजे गाडीला दोन तासांचंही अंतर नाही. पण मध्ये सीमा होती: अलीकडे निजामाचा मुलूख, पलीकडे इंग्रजांचं वऱ्हाड. तिकडे उत्तरेला अकोल्यावरून १८६७ पासून मुंबई-नागपूरची मोठी लाइन धावत होती. दोन्हींच्या मध्ये वाशीमचं पठार, त्यावर जऊळका आणि शेजारची गावं, बैलगाडीच्या चाकोरीत.

हिंगोलीला थांबलेली गाडी पुढे सरकायला जवळजवळ अर्धं शतक लागलं. १९४७ ला इंग्रज गेले, १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झालं, मधली सीमा पुसली गेली आणि खंडवा-हिंगोली जोडमार्गाचं काम हाती आलं. १९६० च्या सुमारास तो पुरा झाला. अकोल्याहून रूळ बार्शीटाकळी, लोहगड, अमानवाडी करत घाट चढतात आणि जऊळक्याला पठारावर येतात. या जोडमार्गानं नुसता वाशीम जोडला गेला नाही. उत्तर भारतातलं आणि दक्षिणेतलं मीटर गेजचं जाळं इथं एकमेकांना भेटलं. काचीगुडा ते जयपूर अशी मीनाक्षी एक्स्प्रेस याच रुळांवरून धावायची. हैदराबादहून निघालेला माणूस गाडी न बदलता राजस्थानात उतरायचा, आणि वाटेत त्याच्या खिडकीतून आपली तुरीची, ज्वारीची वावरं मागे जायची.

मीटर गेज म्हणजे दोन रुळांत बरोबर एक मीटर, १००० मिलिमीटर. ब्रॉड गेज १६७६. ६७६ मिलिमीटरची ही उडी अकोला-पूर्णा मार्गानं २००८ साली मारली आणि जऊळक्याचं स्थानक देशाच्या मोठ्या जाळ्यात आलं. अकोल्याच्या उत्तरेचा मार्ग मात्र मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पापाशी अडखळला, त्यामुळे जयपूरची ती जुनी सरळ वाट आज तुटलेली आहे.

आणि एक शेवटची रेल्वेगंमत. हे स्थानक महाराष्ट्रात, वऱ्हाडात. पण त्याचा कारभार मध्य रेल्वेकडे नाही. ते दक्षिण मध्य रेल्वेत येतं, मुख्यालय सिकंदराबाद, विभाग नांदेड. निजामाची सत्ता या मातीवरून १८५३ लाच ढळली, पण रुळांची वही अजून हैदराबादच्या जुळ्या शहरात उघडते. ताम्रपटातली जमीन नांदीकडच्या वाटेवरची होती, आजच्या गाडीचं वेळापत्रकही नांदेडच सांभाळतं.

एक पाऊस, दोन समुद्र

रूळ ज्या पठारावर चढतात, त्यावरचं पाणी मात्र दोन दिशांना उतरतं. काटेपूर्णा वाशीमजवळच्या काटा गावाच्या परिसरात उगम पावते, जऊळक्याच्या बाजूनं उत्तरेला वाहते, पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला आणि तापी अरबी समुद्राला. याच पठारावरून निघालेली पूस दक्षिणेला वळते, पैनगंगेला मिळते आणि तिचं पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागरात जातं. एका जिल्ह्यात पडलेल्या सरीतला एक थेंब सुरतेकडे, दुसरा राजमहेंद्रीकडे!

पहिलं पान

११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव हे तिन्ही तालुके कापत. या रस्त्याच्या कडेनं नवनगरं वसवायची योजना आहे. म्हणजे जिल्ह्यात पुन्हा एकदा पहिलं घर, पहिला बाजार, पहिली शाळा यांचा काळ येऊ घातला आहे, आणि कदाचित एखाद्या गावाला ‘समृद्धी’ हे आडनावही मिळेल.

तोवर जुन्या गावांचं ‘पहिलं’ कागदावर यायला हवं. विदर्भात इंग्रजी अमदानीपासून कोतवाल गावातल्या जन्म-मृत्यूची नोंद ठेवत आला. ही ‘कोतवाल बुकं’ तहसिलीच्या दप्तरखान्यात असतात आणि जातपडताळणीच्या वेळी लोक त्यांच्या नकला काढतात. नक्कल काढायला गेलात तर आपल्या आजोबांच्या ओळीवर थांबू नका, गावाच्या उपलब्ध वहीचं पहिलं पान बघा. जिल्हा परिषदेच्या शाळेत दाखल-खारीज रजिस्टर असतं. त्यात अनुक्रमांक १ वर ज्याचं नाव आहे तो तुमच्या गावातला शाळेत गेलेला पहिला मुलगा. पहिली मुलगी किती वर्षांनी आली, तेही त्याच रजिस्टरात सापडेल. ही पानं वाळवी खाते, पावसाळ्यात शाई पसरते. मुख्याध्यापकांची परवानगी घ्या, मोबाइलमध्ये फोटो काढा, आणि पहिली गाडी जऊळक्याला आली तेव्हा फलाटावर उभं असलेलं जे कोणी अजून हयात असेल, त्याच्याजवळ याच आठवड्यात जाऊन बसा.